‘बॅटरी गेली’... पण नेली कोणी?

सकाळचे सव्वानऊ. दहाला मीटिंग. हेल्मेट चढवलेलं, सॅक पाठीवर. तुम्ही चावी फिरवता, स्टार्टरचं बटण दाबता आणि गाडी म्हणते... ‘टक्’. बस्स, तेवढंच. पुन्हा दाबता. पुन्हा ‘टक्’. एव्हाना पार्किंगमधले दोन काका, वॉचमन आणि इस्त्रीवाला तुमच्याभोवती जमलेले असतात आणि कुणीही गाडीला हातसुद्धा न लावता निकाल लागलेला असतो : ‘बॅटरी गेली!’

ताप कशाचा ते कळलं नाही की डॉक्टर जसं ‘व्हायरल आहे’ म्हणून मोकळे होतात, तसं दुचाकीच्या दुनियेत ‘बॅटरी गेली’ चालतं. हॉर्न घोगरा झाला? बॅटरी. इंडिकेटर पेटतो पण लुकलुकत नाही? बॅटरी. गाडी सकाळी नाटकं करते? बॅटरीच! आपणही ऑफिसच्या घाईत असतो. पाकिटातून पैसे काढतो, नवी बॅटरी बसवतो, गाडी झोकात सुरू होते आणि विषय संपतो. पुढच्या वेळेपर्यंत.

माझा विषय तीनदा संपला होता. म्हणून चौथ्यांदा तो मी स्वतःच हातात घेतला.

दसऱ्याची गाडी

आमची गाडी काळी, दीडशे सीसीची, २०१० च्या दसऱ्याची. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. गाडीप्रेमींमध्ये नावावरून सुरू झालेलं भांडण पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीपेक्षा जास्त लांबतं. बाबांनी ती ३६ हप्त्यांवर घेतली होती. मी तेव्हा आठवीत. झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत! त्या गाडीवर मागे बसून मी क्लासला गेले, अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या रांगेत गेले, मास कॉमच्या एन्ट्रन्सला गेले. पुढे याच गाडीवर शिकले आणि बाबांना मागे बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेलं. (येताना ते म्हणाले, आता मी चालवतो.)

२०२३ मध्ये बाबा रिटायर झाले आणि गाडी माझ्याकडे आली. मी पडले फ्रीलान्सर. म्हणजे एखादा आठवडा कात्रज ते हिंजवडी नुसती पळापळ आणि मग दहा दिवस घरात लॅपटॉपसमोर. तेव्हापासून दोन वर्षांत गाडीने तीन बॅटऱ्या खाल्ल्या. एकेक चौदाशेच्या आसपास. फ्रीलान्सरचं मानधन कधी येतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या चौदाशेचं वजन वेगळं सांगायला नको. शिवाय रात्री साडेदहाला एखाद्या कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये ‘टक्’ ऐकू येणं हा काही पैशांचा प्रश्न नसतो.

प्रत्येक वेळी मेकॅनिकचं वाक्य तेच : ‘ताई, बॅटरी गेली.’ आणि तिसऱ्या वेळी पुढचं वाक्यही आलं : ‘ताई, आता गाडीच काढा.’

घरातही तेच वारं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडीच्या नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होणार होती. पुढची पाच वर्षं चालवायची तर आरटीओत नेऊन तपासणी, फेरनोंदणी, पर्यावरण कर, सगळे सोपस्कार. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या फेरनोंदणीचं शुल्क ३०० वरून १००० रुपये झालंय. आईचं म्हणणं, एवढा खर्च करण्यापेक्षा इलेक्ट्रिक स्कूटर घे, दसरा आहेच. बंगळुरूचा दादा फोनवरून डाउन पेमेंट भरायला तयार. जुन्या गाड्यांच्या एजंटने नऊ हजारांचा आकडा सांगितला, तोही उपकार केल्याच्या थाटात.

बाबा काहीच बोलत नव्हते. फक्त एकदा चहा पिताना म्हणाले, ‘असू दे. तिचंही वय झालं आता.’

त्या ‘तिचंही’मधला ‘ही’ मला जाम खटकला.

सुदैवाने पितृपक्ष लागला होता. नवी गाडी बुक करायची नाही, हे आईनेच जाहीर केलं. २१ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या, २२ ला घटस्थापना. त्याच दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के होणार म्हणून शोरूमवाल्यांचे मेसेजही सुरू झालेले. म्हणजे माझ्या हातात जेमतेम दोन आठवडे होते. एवढ्यात ठरवायचं होतं, गाडी खरंच म्हातारी झाली आहे की नुसती आजारी आहे?

पासोड्या विठोबाचा प्रसाद

पत्रकारितेत पहिल्या वर्षी शिकवतात, एकाच सूत्राच्या भरवशावर बातमी द्यायची नाही. ‘बॅटरी गेली’ ही बातमी नाही, ती प्रतिक्रिया आहे. बातमीसाठी आकडा लागतो. आणि आकडा मिळतो मल्टिमीटरवर.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची कुठलीही वस्तू हवी तर पाय आपोआप बुधवार पेठेत पासोड्या विठोबाकडे वळतात. तिथल्या एका बोळकांडीतल्या दुकानातून साडेतीनशे रुपयांचा पिवळा डिजिटल मल्टिमीटर घेतला. दुकानदाराने विचारलं, ‘भावाला पाहिजे का?’ म्हटलं, ‘नाही, बाइकला.’

मीटरला घाबरायचं कारण नाही. फंडा सोपा आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतलं पाणी किती उंचावर आहे, म्हणजे नळाला किती जोर येईल, तो व्होल्ट. नळातून प्रत्यक्ष किती पाणी वाहतंय तो अ‍ॅम्पिअर. आणि पाइपात साठलेला गाळ, जो पाणी अडवतो, तो ओहम. टाकीत एकूण किती पाणी मावतं, तो बॅटरीवर छापलेला अ‍ॅम्पिअर-अवर. आमच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ९ अ‍ॅम्पिअर-अवरची. म्हणजे ढोबळमानाने, एक अ‍ॅम्पिअरचा नळ सोडला तर टाकी ९ तासांत रिकामी.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. हातातलं कडं, अंगठी, ब्रेसलेट काढून ठेवा. आणि बॅटरी सोडवताना आधी मायनस सोडवायचा, जोडताना मायनस शेवटी जोडायचा. कारण गाडीची सगळी चासी मायनसला जोडलेली असते. मायनस जागेवर असताना प्लसवरचा पाना चासीला टेकला की दिवाळी तिथेच!

गाडी बोलते, ऐका

मीटर लावण्याआधी कान लावा. बटण दाबल्यावर गाडी जो आवाज काढते, त्यातच अर्धं निदान असतं.

एकच जोरदार ‘टक्’ आणि मग शांतता : रिलेला वीज पोचली, पण मोटर फिरली नाही. बॅटरी कमजोर आहे, कुठलं तरी टर्मिनल सैल आहे, किंवा स्टार्टर मोटरचे कार्बन झिजलेत.

‘टकटकटकटक’ अशी टाइपरायटरसारखी लय : बॅटरीत रिले उचलण्यापुरता जीव आहे, पण मोटरने ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज सावरतं, रिले पुन्हा चिकटतो. बॅटरी उतरल्याची ही अगदी खास खूण.

काहीच आवाज नाही, मीटरचे दिवेही मेलेले : आधी फ्यूज बघा. मग चावीचं स्विच. दिवे लागतात पण बटण मुकं असेल, तर क्लचचं स्विच, साइड स्टँडचं स्विच किंवा ते बटणच. पावसाळ्यानंतर बटणाच्या आत गंज चढतो. कित्येकदा पन्नास रुपयांच्या कामासाठी हजाराची बॅटरी बदलली जाते.

आणि मोटर गरगर फिरतेय पण इंजिन हलत नाही, तर वीज निर्दोष आहे. दोष यांत्रिक आहे. बॅटरी बदलून काहीही होणार नाही.

आमची गाडी ‘टकटकटक’वाली. म्हणजे बॅटरी उतरलेली, हे नक्की. प्रश्न होता, का?

तीन आकडे

बॅटरीची चौकशी तीन वेळा करायची असते : झोपेत, ताणात आणि चालताना.

झोपेत म्हणजे गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी, चावी न फिरवता. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ च्या आसपास आली की तळ दिसायला लागला. गंमत बघा, ‘१२ व्होल्ट’च्या बॅटरीवर १२ दिसले की आपण खूश होतो आणि प्रत्यक्षात ती जवळपास उपाशी असते! चार्ज करूनही आकडा १०.५ च्या वर जात नसेल, तर एक सेल मेलेला समजा. तिथे खरंच बॅटरी गेली.

माझी बॅटरी आठ-नऊ दिवस उभी राहून ११.६ वर आली होती. बॅटरीच्या दुकानात रात्रभर सावकाश चार्जिंगला लावली. घाईने मोठ्या करंटवर चार्ज केली की बॅटरी तापते, आयुष्य घटतं. दुसऱ्या दिवशी, चार्जरवरून काढून काही तास थांबल्यावर आकडा होता १२.७. म्हणजे ही तिसरी बॅटरी अजून शाबूत होती. एक संशयित सुटला.

आता ताणात. मीटर बॅटरीवर लावलेलाच ठेवून सेल्फ मारायचा. आकडा खाली येणारच. साधारण दहाच्या खाली फार घसरला नाही तर ठीक. माझा १०.४ आला. ठीक होता, पण मोटर ओढत होती, दमल्यासारखी. मग एक सोपी पण भारी टेस्ट केली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर आणि सेल्फ. दोन्ही जागा ‘मायनस’च, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य हवा. आला ०.५. म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेतच गळत होता! चासीला जिथे मायनसची जाड वायर बोल्टने बसवलेली असते, तिथे १५ पावसाळ्यांचा गंज होता. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं : ०.१. मोटर अशी फिरली की वॉचमन दचकला.

तिसरा आकडा चालताना. गाडी सुरू करून थोडा रेस दिला की इंजिनमधली स्टेटर कॉइल वीज तयार करते. ती असते एसी. रेक्टिफायर-रेग्युलेटर नावाचा पंखेवाला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा तिची डीसी करतो आणि तिला आवर घालतो. बॅटरीवर तेव्हा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. रेस देऊनही आकडा १२.५ वरच अडला, तर बॅटरी भरतच नाहीये. कॉइल, रेग्युलेटर किंवा त्यांच्यामधला करपलेला कनेक्टर, यातलं काहीतरी गेलंय. आणि आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर सुटलाय. तो बॅटरीला उकळवतो आणि बल्ब उडवत राहतो. अशा गाडीत नवी बॅटरी टाकणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं, किंवा त्याहून वाईट, पेटलेल्या गॅसवर रिकामं भांडं ठेवणं.

माझा आकडा? १४.१. एकदम आदर्श!

आता आली का पंचाईत? बॅटरी चांगली, अर्थिंग चांगलं, चार्जिंग चांगलं. तरीही गाडीने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या मारल्या होत्या आणि तिसरी मरणपंथाला लावली होती.

चोर घरातच

पुढचे तीन दिवस मी गाडी हलवली नाही. रोज सकाळी दात घासून झाले की खाली जायचं, आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी १२.६. दुसऱ्या दिवशी १२.५. तिसऱ्या दिवशी १२.४. चावी बंद, गाडी उभी, आणि टाकी हळूहळू उतरतेय. म्हणजे कुठेतरी एक नळ चालू होता.

हा नळ शोधायची रीत अशी. बॅटरीचा मायनस सोडवायचा आणि मीटर अ‍ॅम्पिअरवर ठेवून सुटलेली वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्या मधोमध लावायचा. म्हणजे जाणारी सगळी वीज मीटरमधून जाते. लाल टोक आधी १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात, आकडा लहान आहे याची खात्री झाल्यावरच मिलिअ‍ॅम्पिअरवर. आणि मीटर असा लावलेला असताना चावी किंवा सेल्फला चुकूनही हात लावायचा नाही, नाहीतर मीटर तिथेच रामनाम सत्य! जुन्या, कार्ब्युरेटरच्या साध्या गाडीत बंद असताना जवळजवळ शून्य करंट हवा. डिजिटल मीटरमधलं घड्याळ असेल तर एक-दोन मिलिअ‍ॅम्पिअर.

माझ्या मीटरवर आकडा होता : ४२.

फ्यूज काढला. तरी ४२. म्हणजे चोर फ्यूजच्या अलीकडे, थेट बॅटरीवर बसलेला. नीट पाहिलं तर बॅटरीच्या प्लसला मूळ जाड वायरसोबत आणखी एक बारीक लाल वायर अडकवलेली. धुळीने इतकी माखलेली की गाडीचाच भाग वाटावी. तिचा माग काढत सीट उचललं, मागचं प्लास्टिक सोडवलं. इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळलेला, काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक काळा डबा निघाला. त्याची वायर उपसली आणि मीटरकडे पाहिलं. ४२ वरून थेट १.

तो डबा होता चोरी-अलार्म! आठवतो? दोन हजारच्या दशकात काय क्रेझ होती त्याची! रिमोट दाबला की ‘कुई-कुई’. गाडीला धक्का लागला की अख्खी सोसायटी जागी. आमच्या गाडीला तो आहे, हे मी साफ विसरून गेले होते. कारण मी कॉलेजात गेल्यापासून तो कधी वाजलाच नव्हता.

गणित आता तुम्हीच करा. ४२ मिलिअ‍ॅम्पिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला साधारण एक अ‍ॅम्पिअर-अवर. बॅटरी नऊची. चार-पाच दिवसांत अर्धी, नऊ दिवसांत खडखडाट. बाबा रोज ऑफिसला गाडी न्यायचे तेव्हा रात्रभरात अलार्म जे प्यायचा ते सकाळच्या फेरीत भरून निघायचं. तेरा वर्षं कुणाला पत्ताही लागला नाही. गाडी माझ्याकडे आली, माझ्यासोबत ‘वर्क फ्रॉम होम’ करायला लागली आणि चोरी उघडी पडली.

मग नवी बॅटरी का मरायची? तर १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी शोधलेल्या या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला एक गोष्ट अजिबात सोसत नाही, ती म्हणजे उपाशी पडून राहणं. बॅटरी वापरली की आतल्या प्लेट्सवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्ज केली की ते विरघळून पुन्हा मूळ रूपात जातं. पण उतरलेल्या अवस्थेत ती दिवसेंदिवस राहिली, तर ते सल्फेट कडक खडे धरतं. मग कितीही चार्ज करा, प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद. असं पाच-सहा वेळा झालं की बॅटरी खरोखर जाते.

म्हणजे मेकॅनिक खोटं बोलत नव्हता, हे मला इथे आवर्जून सांगायचंय. दोन्ही बॅटऱ्या मेल्या होत्या हे खरंच होतं. फक्त त्या मारल्या कोणी, हे कुणी विचारलं नव्हतं. एका गाडीमागे दहा गाड्या उभ्या असलेल्या गॅरेजमध्ये तीन दिवस रोज सकाळी व्होल्टेज लिहून ठेवायला वेळ कोणाला आहे? तो वेळ गाडीच्या मालकाकडेच असतो.

राखणदार

तो काळा डबा मी वर नेऊन टीपॉयवर ठेवला. बाबा पेपर वाचत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि हसले.

२०१० मध्ये आम्ही जुन्या वाड्यात राहायचो. पार्किंग नव्हतं. गाडी रस्त्यावर, विजेच्या खांबाला लागून. गाडी घेऊन जेमतेम महिना झाला असेल-नसेल, पलीकडच्या गल्लीतून एक नवी बाइक चोरीला गेली. आमचे ३५ हप्ते बाकी होते. बाबा दोन रात्री झोपले नाहीत, दर तासाला उठून खिडकीतून बघायचे, हे मला आईने आत्ता सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी अलार्म बसवून घेतला. पुढे आम्ही सोसायटीत राहायला गेलो. पहिल्याच दिवाळीत फटाक्यांनी अलार्म रात्रभर बोंबलला, लोकांनी तक्रार केली आणि कुणीतरी भोंग्याची वायर कापून दिली. रिमोट कधीतरी हरवला. भोंगा गेला, रिमोट गेला, पण डबा तसाच जागा राहिला. तोंड शिवलेलं, पोट चालू. शेवटचा हप्ता फिटल्यालाही कधीच दहा वर्षं उलटून गेली होती, तरी बिचारा इमानेइतबारे गाडी राखत बसला होता. आणि तिचंच रक्त पीत होता.

‘म्हणजे गाडी चांगली आहे?’ बाबांनी विचारलं.

म्हटलं, ‘एकदम. वयाचा काही संबंध नाही.’

बाबा काही बोलले नाहीत. पण आई बोलली. स्वयंपाकघरातूनच. ‘गाडीचं मोजलंस ते बरं केलंस. आता यांचंही मोजून आण.’ रिटायर झाल्यापासून बाबा दुपारी बसल्या बसल्या दमायचे, पायांना मुंग्या येतात म्हणायचे आणि काही विचारलं की ‘वय झालं’ म्हणून विषय संपवायचे. आमच्या घरचं हे ‘बॅटरी गेली’! त्याच आठवड्यात त्यांना रक्त तपासायला घेऊन गेले. बी-१२ खूप कमी निघालं. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ते सर्रास आढळतं, असं डॉक्टर म्हणाले आणि इंजेक्शनं सुरू केली. उद्या बाबा सिंहगड चढतील असा माझा दावा नाही. पण संध्याकाळचा चालण्याचा फेरा पुन्हा सुरू झालाय.

तुमची गाडी नवी असेल तर...

तुम्ही म्हणाल, आमची गाडी नवी आहे, आम्हाला काय त्याचं? तर तुम्हाला जास्त. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप चालू राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला पेट्रोलचा पंप आणि कंट्रोल युनिट, दोघांनाही वीज लागते. पुष्कळ गाड्यांना आता किकच नसते. माझी जुनी गाडी बॅटरी उतरली तरी किकवर किंवा दोन मित्रांच्या धक्क्यावर सुरू व्हायची. नव्या गाडीत बॅटरी पार झोपली असेल, तर धक्का मारून बहुधा फक्त घाम निघतो.

आणि नवा जमाना, नवे अलार्म. जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर, एलईडी फॉग लॅम्प, डॅशकॅम... यातलं काय काय थेट बॅटरीवर जोडलंय, ते एकदा सीट उचलून बघा. एक्स्ट्रा फिटिंग करायचंच असेल तर ते चावीच्या नंतरच्या लाइनवर, स्वतंत्र फ्यूज लावून करून घ्या. चावी बंद, तर तेही बंद. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मायनस सोडवून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि नुसतं उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं घुरघुरवून बॅटरी भरते, या भ्रमात राहू नका. सेल्फ मारताना जेवढी वीज गेली, तेवढी भरायलाही तिला जरा रस्ता हवा असतो. एक बरी अर्ध्या तासाची राइड मारा. तुम्हालाही बरं वाटेल.

दसरा २ ऑक्टोबरला होता. स्कूटर आली नाही. दादाने वाचलेल्या डाउन पेमेंटबद्दल माझे आभार मानले, म्हणजे ते पैसे काही माझ्याकडे येणार नाहीत हे मला कळलं! त्याच महिन्यात गाडी आरटीओत उभी राहिली. हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, सगळं एका दमात पास. पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर राहायला मोकळी झाली. बॅटरी तीच आहे, तिसरी. मीटर सॅकमध्ये असतो. सोसायटीतल्या सहा गाड्या मोजून झाल्यात. त्यातल्या फक्त एकीची बॅटरी खरंच गेली होती.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तुमच्याभोवती पार्किंगचं मंडळ जमलं आणि कुणी छातीठोकपणे ‘बॅटरी गेली’ म्हणालं, तर पाकिटाला हात घालण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा.

‘किती व्होल्ट?’